छावणीतले संतापी कावळे

१ जानेवारी २०२५

संकल्प एकच. डॉ. मेघा टाकळकरचा सूड.

बाकीचे संकल्प (व्यायाम, साखर, रूपाला उलट उत्तर न देणं) गेल्या वर्षीचेच पुढं चालू. सूड घेऊन वेळ उरला तर.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. मेघा मला डिपार्टमेंटमध्ये तीन वर्षांनी ज्युनियर. पिपेट कसं धरायचं ते तिला मी शिकवलं. तिनं कावळ्यांवर पेपर केला तेव्हा हिवाळाभर रक्ताच्या नळ्यांचा बर्फाचा डबा मी वाहिला. एक नळी वितळू दिली नाही. पेपर गाजला. लेखकांत चार नावं, माझं नाही. मी शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, आभारप्रदर्शनात. आधी वनखातं, मग जीपचा ड्रायव्हर, मग 'श्री. एस. वाकळे'. ड्रायव्हरच्या खाली! तो तर दोनदाच आला होता आणि दोन्ही वेळा झोपला होता.

आज ती असिस्टंट प्रोफेसर, दारावर पितळी पाटी. मी सातव्या वर्षातला रिसर्च स्कॉलर, टेबलाच्या खणाला किल्लीसुद्धा नाही.

माझे गाईड गाडेकर सर ३० सप्टेंबरला रिटायर होतात. तोपर्यंत माझ्या नावाचा एक पेपर स्वीकारला गेला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, सात वर्षं पाण्यात. म्हणजे एका दगडात दोन पक्षी: पीएच.डी. आणि मेघा.

२ जानेवारी

शस्त्र ठरलं.

मेघाचा पेपर म्हणतो की शहरातला कावळा माणसाला सरावलाय. तणावाचं हार्मोन वाढलं की ठरावीक जीन्स आरडाओरडा करतात. शहरी कावळ्यांत ती गप्प असतात. पिढ्यान्‌पिढ्या शहरानं शांत कावळेच टिकू दिले, आणि ही म्हणे उत्क्रांती. मी सिद्ध करणार की हे साफ खोटं आहे. शहरी कावळा संतापी असतो.

पद्धत तिचीच. कावळा पकडायचा, पंखाखालच्या शिरेतून चार थेंब रक्त घ्यायचं, पायात रंगीत कडं घालून सोडून द्यायचा. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींतही केंद्रक असतं, त्यामुळं एवढ्याशा रक्तातूनही कुठलं जीन किती बोलतंय ते मोजता येतं. आमच्या घरामागचे (औरंगाबाद, छावणी) आणि डिपार्टमेंटमागचे कावळे हे शहरी. फुलंब्रीचे ग्रामीण. वनखात्याची परवानगी हातात आहे. सगळे कावळे मी स्वतः पकडणार. मदतनीस घेतला की उद्या तो लेखकांत नाव मागतो.

पेपर आला की मेघाच्या केबिनमध्ये जायचं, बसायचं नाही. उभ्यानंच म्हणायचं, "मॅडम, आभारप्रदर्शनात तुमचं नाव टाकलंय." आणि दार हळू लावून निघून यायचं. आरशासमोर तालीम केली. खरी मजा दार हळू लावण्यात आहे.

९ जानेवारी

पहिला कावळा. घरामागच्या मोकळ्या जागेत जाळं, त्यात शिळी भजी. पकडल्यापासून तीन मिनिटांत रक्त घ्यावं लागतं, नाहीतर पकडल्याचाच तणाव रक्तात उतरतो. मी त्याच्या आत घेतलं. मेघाला इतक्या लवकर कधी जमलं नव्हतं.

पिवळं कडं घातलं. सोडताना त्यानं अंगठा फोडला. मग तारेवर बसून बराच वेळ माझ्याकडं बघत होता, मान एकदा इकडून, एकदा तिकडून.

बघू दे.

१९ जानेवारी

कामाचा वेग मंद. घरामागचे आणि डिपार्टमेंटमागचे मिळून दहा कावळे झाले, पण आता मी जाळं घेऊन बाहेर पडलो की अख्खी छावणी गोळा होते. तारेवर, गच्चीवर, टाकीवर. तासभर नुसता कलकलाट. मग एखादा भुकेला येतो आणि सापडतो. पिवळा सगळ्यांत पुढं असतो, पण सापडत नाही.

नोंद केली: 'स्वभाव अत्यंत संतापी.' खरं तर डेटाची गरजच नाही, उघड्या डोळ्यांनी दिसतंय. पण जर्नलवाल्यांना डेटा लागतो.

रूपा (बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका) म्हणाली की ती दळण घेऊन जाते तेव्हा तर एकही कावळा ओरडत नाही. म्हटलं, एका बाईच्या दळणावरून विज्ञान ठरत नसतं. (संकल्प क्र. ४ मोडला. उद्यापासून पाळू.)

२६ जानेवारी

डिपार्टमेंटमध्ये झेंडावंदन. राष्ट्रगीताच्या दुसऱ्या ओळीला डोक्यावर पडलं. कोमट. राष्ट्रगीत चालू असताना हलता येत नाही. कावळ्याला हे माहीत असावं, कारण त्यानं निवांत दुसरी फेरी मारली.

नंतर मेघानं पर्समधून टिश्यू काढून दिला आणि म्हणाली, "शुभ असतं म्हणतात, सर." घेतला नाही. हाही हिशोब चुकता करायचा आहे.

३० जानेवारी

गुलमंडीत रूपाची साडी फॉल लावायला टाकली. तिथले कावळे वडापावच्या गाडीवर अगदी माझ्या कोपराशेजारी बसून खात होते. चकार शब्द नाही. वेळ साधली, पिशवीत जाळं होतंच. दोन कावळे लगेच सापडले.

९ फेब्रुवारी

फुलंब्री मोहीम. आमचं मूळ गाव. तीच अडचण आहे.

गावात शिरलं की पारावरून पहिला प्रश्न येतो: "सत्यम, झाली का रं पीएचडी?" गेल्या दिवाळीत मोजून अकरा जणांनी विचारलं, त्यात एक माणूस तिरडी बांधत होता. म्हणून या वेळी युक्ती केली. मोटारसायकलवरून उतरलो तरी हेल्मेट काढलं नाही. काळी काच खाली. तसंच जाळं लावलं, तसंच रक्त घेतलं. घाम फार आला, पण कुणी ओळखलं नाही.

चुलतभाऊ कडुबा तर अगदी जवळ येऊन उभा राहिला. विचारलं, "कोण हाय रं?" मी आवाज जड करून म्हणालो, "फॉरेस्ट." तर लगेच नमस्कार घालून सांगायला लागला, "सायेब, आमचा बी एक भाऊ हाय औरंगाबादला. कावळ्यावरच शिकायलाय. सात साल झालं बघा. लई हुशार व्हता, पण आता पासच होईना. तुमची वळख असंल तर चिकटवा की कुठं वॉचमनमधी."

म्हटलं बघतो.

एक महत्त्वाची गोष्ट: इथले कावळे गरीब. जाळं अंथरलं की आले, भजी खाल्ली, सापडले. कलकलाट नाही, अंगठा शाबूत. ग्रामीण कावळा शांत, शहरी संतापी. मेघाच्या बरोबर उलट! दोन आठवड्यांत आणखी चार फेऱ्या मारल्या की संपलं.

३ मार्च

सगळ्या नळ्या हैदराबादच्या कंपनीला पाठवल्या. आता वाट बघायची.

डिपार्टमेंटला जाताना पिवळा घरापासून कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो. कोपऱ्यापासून पुढची ड्यूटी दुसऱ्या कावळ्यांकडं. रिक्षा केली तर रिक्षावाला म्हणाला, "क्या मियाँ, कव्वोंका क्या बिगाड़े तुम?" त्याला जीन एक्सप्रेशन समजावून सांगितलं. त्यानं मला अलीकडच्याच चौकात उतरवलं.

रूपा म्हणते हेल्मेट घालून जा. मी शास्त्रज्ञ आहे. माझ्याच सॅम्पलला घाबरून तोंड लपवणार नाही.

४ एप्रिल

डेटा आला!! मेघा संपली!

छावणी आणि डिपार्टमेंटच्या कावळ्यांत तणावाची सगळी जीन्स बोंबलतायत. एफकेबीपी५ नावाचं एक जीन आहे, तणावाचं हार्मोन वाढलं की वर चढतं. ते तर छपराला टेकलंय. फुलंब्रीचे कावळे थंडगार. आलेख इतका सुंदर आहे की प्रिंट काढून कपाटाला आतून चिकटवला.

फक्त गुलमंडीचे दोन कावळे शहरी असून थंडगार निघाले. त्यांना बाद केलं. बाजारातलं तेलकट खाऊन सुस्तावलेले असणार.

आणखी एक. पिवळा हा कावळा नसून कावळी आहे. मादीतच असणारी जीन्स निघाली. तीन महिने मी तिला बाप्या समजून शिव्या देत होतो.

१२ एप्रिल

पेपर जर्नलला पाठवला. लेखक एकच. आभारप्रदर्शन: वनखातं, गाडेकर सर, आणि सर्वांत शेवटी डॉ. एम. टाकळकर. तिच्या आधी मुद्दाम रिक्षावाला घातला.

पाठवायच्या आधी सरांनी विचारलं की कावळे पकडले कोणी. सांगितलं, सगळे मीच, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. सर म्हणाले, छान, एकसारखेपणा राहिला. मग त्यांनी डोळे मिटले. रिटायरमेंट जवळ आल्यापासून ते बोलता बोलता मिटतात.

मेघा जिन्यात भेटली. हसली. मीही हसलो, पण वेगळ्या कारणानं.

१४ मे

आज रूपाच्या मामांचा, अप्पारावांचा दहावा. मामा छावणीतलेच, चांगला माणूस. लहानपणी रूपाला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचे. तिनं डोळे सुजवून घेतलेत. त्यामुळं जे झालं ते नीट लिहून ठेवतो, पुढं वाद नको.

खाम नदीच्या काठी विधी. गुरुजींनी पिंड मांडले. सगळे पाय मागं घेऊन उभे राहिले. झाडावर कावळे भरपूर, पण एकही खाली येईना. नुसते ओरडत होते. ऊन चढायला लागलं.

मग नेहमीप्रमाणं मामांची राहिलेली इच्छा शोधणं सुरू झालं. थोरल्यानं हात जोडून सांगितलं की मामीला अंतर देणार नाही. नाही. धाकट्यानं सांगितलं की गावच्या जमिनीत बहिणींचा वाटा देऊ. नाही. (तो पाठ वळवून पुटपुटला, असं काही कबूल धरू नका.) एकानं बिडी ठेवली, एकानं गुलाबजाम. कावळे हलेनात.

तेवढ्यात मामी, मुक्ताबाई, म्हणाल्या, "जावईबापूच्या शिक्षणाची लई काळजी व्हती त्यांना. मरायच्या आदल्या दिशी बी इचारलं, सत्यमचं झालं का म्हून."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला पुढं ढकललं. मी पिंडासमोर हात जोडून खड्या आवाजात म्हणालो, "मामा, सप्टेंबरपर्यंत माझी पीएच.डी. होणार."

आणि झाडावरचे होते नव्हते ते सगळे कावळे एकदम उडाले. डोक्यावर घिरट्या घालत इतके ओरडायला लागले की गुरुजींनी पोथी डोक्यावर धरली. मागून कुणीतरी म्हणालं, "मामांचा इस्वास नाय बसला." लोक हसले. दहाव्याला! मुक्ताबाईसुद्धा पदरात तोंड घालून हसल्या.

मी तडक तिथून निघालो. रस्त्यावर जाऊन मोटारसायकलवर बसलो, हेल्मेट घातलं, काच खाली घेतली. आणि काठावरून आवाज आला, "शिवला! शिवला!"

आता नातेवाइकांचं म्हणणं असं की जावई लांब जावा हीच मामांची इच्छा होती. अर्थ सरळ आहे: माझा शब्द मामांना पटला, फक्त पोचायला थोडा वेळ लागला. रूपाला हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, ते कावळे तुम्हाला ओळखतात." मी म्हटलं, ओळखणारच, आख्ख्या छावणीत दुसरा शास्त्रज्ञ आहे कुठं?

६ जून

बाहेर पडणं अवघड. निंबाच्या झाडावर पिवळीचं घरटं आहे, आत पिल्लं आहेत. मी दारात दिसलो की येते आणि टाळूवर चोच मारून जाते. टाळूवर केस कमी आहेत हा काही माझा दोष नाही. आज छत्री नेली तर छत्रीवर बसली आणि कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर आली.

ठरलं. मेघानंतर हिचा नंबर.

१६ जून

जर्नलचं उत्तर. पेपर नाकारला नाही!! पहिला परीक्षक म्हणतो, फार रोचक. दुसरा परीक्षक मात्र नीच आहे. तो विचारतो: दोन्ही ठिकाणचे पक्षी एकाच माणसानं पकडले का? पकडण्यापूर्वी तो पक्ष्यांना किती वेळ दिसत होता? दोन्ही ठिकाणी त्याचा पेहराव सारखाच होता का? छावणीतले काही कावळे त्यांना अनोळखी असलेल्या माणसाकडून पकडून पुन्हा तपासावेत.

परीक्षकांची नावं गुप्त असतात. पण मी दूधखुळा नाही. मी काय घालून कावळे पकडतो याच्याशी सातासमुद्रापारच्या माणसाला काय करायचंय? ही मेघाच. घरात शिरून सूड घेते.

उत्तर द्यायला सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. म्हणतेस तर पकडून दाखवतो. अनोळखी माणूसच हवा ना? आणतो.

२४ जून

अनोळखी माणूस मिळेना. रूपा म्हणाली तिला पिवळीशी वैर नको, पिल्लं आहेत तिला. सरांचा गुडघा दुखतो. शेवटी सर स्वतःच कुणाशीतरी फोनवर बोलले आणि म्हणाले, "झालं काम. मेघा येतेय."

मग विचार केला की यातही न्याय आहे. तिच्याच हातून तिचा सिद्धान्त मरेल. पोएटिक जस्टिस म्हणतात ते हेच.

२ जुलै

मेघा आली. साधा सलवार-कमीज, पायात चपला. मला म्हणाली की सर, तुम्ही घरातच थांबा, पडदा लावून घ्या. माझ्याच घरात मला कोंडलं. फटीतून बघत होतो.

तिनं जाळं अंथरलं, रूपानं दिलेले शिळे पोहे टाकले. रूपानं तिला चहा दिला. चहा अर्धा व्हायच्या आत पहिला कावळा. एकही ओरडला नाही. पिवळी खाली उतरून तिच्या चपलेला चोच लावून गेली.

फितुरी. दुसरा शब्द नाही. रूपाची आणि पिवळीची, दोघींची.

१३ ऑगस्ट

मेघाच्या कावळ्यांचा डेटा आला.

थंडगार. छावणीचेच कावळे, तीच निंबाची फांदी, तणावाची जीन्स गप्प. तंतोतंत फुलंब्रीसारखी. आणि गुलमंडीच्या त्या दोघांसारखी.

सकाळपासून कारणं शोधतोय. एक, पावसाळी हवा. दोन, पोहे. तीन, हैदराबादला नळ्यांची अदलाबदल. चार, बाई बघून कावळे लाजले. चौथं कारण सरांना बोललो तर ते पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत राहिले.

मग त्यांनी विचारलं, फुलंब्रीला तुम्ही काय घालून जायचात? मी म्हटलं, शर्ट, पँट. सर म्हणाले, आणि डोक्यावर?

१४ ऑगस्ट

लिहायला काही नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला हेल्मेट घालून उभा राहिलो. डोक्यावर काही पडलं नाही. वरती दहा-बारा कावळे होते, शांत. म्हणजे ते. ठीक आहे. म्हणजे.

राष्ट्रगीत संपलं आणि शिपायानं हेल्मेट काढायला लावलं. काढलं. मग जे झालं ते सगळ्या डिपार्टमेंटनं बघितलं. मेघानं तर मोबाईलवर शूटिंग केलं. हसत नव्हती. तिच्या डोळ्यांत ती चमक होती जी आमच्या धंद्यातल्या लोकांना पेपर दिसल्यावर येते.

४ सप्टेंबर

पेपर मागं घेतला. बटण सरांनी दाबलं. शहरी कावळे संतापी नाहीत. मी उभा असलो की संतापतात. जाळं घेऊन तासभर बोडका उभा राहायचो, तेवढ्यात त्यांच्या जीन्सनी कल्ला करून ठेवलेला असायचा. तीन मिनिटांचा नियम मी अगदी काटेकोर पाळला होता.

माझ्या आलेखात दिसतो तो कावळ्यांचा स्वभाव नाही. तो मी आहे. कपाटाच्या आत चिकटवलेला आलेख काढायला गेलो, निम्मा फाटून तिथंच राहिला.

सात वर्षं. आईला काय सांगू, पारावर काय सांगू. मामांना तर शब्द दिला होता. जेवलो नाही. रूपा शेजारी बसून लसूण सोलत राहिली.

१२ सप्टेंबर

सूड घ्यायचाच. पेपर गेला तर जाऊ दे, तोंड तर आहे. मेघाच्या केबिनमध्ये गेलो, बसलो नाही. म्हणालो की मॅडम, तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला लेखकांतून वगळलंत, ड्रायव्हरच्या खाली टाकलंत, आणि आता दुसरा परीक्षक होऊन माझा पेपर मारलात. मी हे विसरलेलो नाही.

ती खरोखर गोंधळली. म्हणाली, "परीक्षक? मला नाही कुणी पाठवला तुमचा पेपर. आणि आधीचं म्हणताय तो कोणता पेपर, सर?" मग आठवून बघायला लागली. मी तिला आठवण करून दिली. बर्फाचा डबा, हिवाळा, एकही नळी वितळली नाही. ती म्हणाली, "अरे हो, डबा! तो तुम्ही धरला होता का?"

तीन वर्षं मी हिच्याशी लढत होतो आणि हिला युद्ध चालू आहे हेच माहीत नव्हतं.

वर अपराधी चेहरा करून म्हणाली की चुकलंच, नाव जरा वर तरी घालायला हवं होतं. आणि खुर्ची पुढं केली. मी बसलो.

मग तिनं सांगितलं. तिचा नवा प्रकल्प: ओळखीचा शत्रू दिसल्यावर कावळ्याच्या रक्तातली जीन्स कशी बदलतात. माझी जुनी सॅम्पल्स चालणार नाहीत, त्यात हेल्मेटची नोंदच नाही. सगळं नव्यानं करायचं. एक माणूस नुसता बोडका उभा राहायला हवा, आणि शहरात माझ्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. सात वर्षांत माझ्याबद्दल डिपार्टमेंटमध्ये कुणी काढलेला हा पहिला चांगला शब्द. लेखक म्हणून नाव लागेल का विचारलं. ज्याच्यामुळं कावळे चिडतात तोच लेखक झाला तर एथिक्स कमिटी मान्य करणार नाही म्हणाली.

रजिस्ट्रेशन ३० तारखेला जाईल. पण तिच्या हाताखाली नवं करता येईल. वर्ष पहिलं. गाईड डॉ. मेघा टाकळकर. विषय तिनं विचार करून ठेवलाय: चिमण्या. "त्यांना अजून तुम्ही माहीत नाही, सर."

निघालो तर दारापर्यंत सोडायला आली आणि अगदी मनापासून म्हणाली, "सर, आभारप्रदर्शनात तुमचं नाव टाकलंय. आधीच लिहून ठेवलं, 'उपस्थित राहिल्याबद्दल'. या वेळी ड्रायव्हरच्या वर."

आणि तिनं दार हळू लावलं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या

बाबांचं पान वाढलं. गच्चीच्या कठड्यावर घास मीच ठेवायचा, मुलगा मी एकटाच. ठेवला, हाक मारली. कावळे समोरच्या टाकीवर बसून शिव्या देत राहिले. खीर आटली, वड्यांना मुंग्या लागल्या. खाली सगळे उपाशी.

रूपा वर आली आणि तिनं माझ्या हातात हेल्मेट दिलं. घातलं, काच खाली घेतली. लगेच पिवळी आली. माझ्या कोपराशेजारी बसून तिनं खीर-भात खाल्ला, वडा पायाखाली धरून फोडला. मागून या वर्षीची तीन पिल्लंही आली. बाबांना घास पोचला. कुणी दिला ते त्यांना कळलं नसेल.

मग काय वाटलं कुणास ठाऊक, हेल्मेट काढलं. पिवळी किंचाळून उडाली. आणि तिन्ही पिल्लं! त्यांच्या पायात कडं नाही, त्यांना मी कधी हात लावलेला नाही, जाळं दाखवलेलं नाही. तरी तीही गळा फाडून ओरडायला लागली. आईनं सांगितलं असणार. मेघाला मी डबा धरल्याचंही आठवत नाही. इथं घरट्यातल्या पोरांनाही माझा चेहरा पाठ आहे.

डोळ्यांत पाणी आलं. रूपाला वाटलं, बाबांची आठवण आली. मी म्हटलं, माझ्या दहाव्याला काय होईल गं? दिवसभर बसलात तरी एक कावळा शिवायचा नाही.

ती ताट उचलता उचलता म्हणाली, "छे हो. तुमच्या दहाव्याला सगळ्यांत आधी शिवतील. तुम्ही तिथं उभे नसाल ना."

मेघाला होकार कळवला. उद्या सकाळी सातला डिपार्टमेंटमागे उपस्थित राहायचं आहे. हेल्मेट आणू नका म्हणाली.